साहेबाच्या बाटल्यांत वैनीचे बियाणे

वैनीचे सगळे बियाणे मी दारूच्या रिकाम्या बाटल्यांत भरले, बुचांवर मेण ओतले, आणि ज्या तुंब्यांत ते बियाणे होते ते तुंबे अंघोळीच्या पाण्याखाली जाळून टाकले. मला कोणी सांगितले नव्हते. सक्तीही कोणी केली नव्हती. प्यालेला तर मी अजिबात नव्हतो, जरी पुढे अर्ध्या गावाचे मत वेगळे पडले.

हल्ली घरोघरी घासलेटचे डबे आले आहेत. वरचा पत्रा कापायचा, कडा ठोकून घ्यायच्या, मध्ये आडवी लाकडी दांडी बसवायची, की झाली बादली. झाकण लावले की पीठ ठेवायला डबा. लोक असे डबे ओळीने मांडतात आणि ही युक्ती आपल्यालाच सुचली अशा थाटात पाहुण्यांना दाखवतात. मी मुकाट्याने सुपारी कातरत बसतो. मला ही युक्ती फार आधी सुचली होती, हे मी कोणाला सांगत नाही, कारण त्यापुढचेही मग सांगावे लागते. आता वय झाले, लाज थोडी सैल पडली, तर लिहून टाकतो.

आम्ही जातीने माळी. अमरावतीच्या परकोटाबाहेर आमचा मळा. वांगी, मिरची, दोडके, दुधी, पालेभाजी. मळा दादा बघायचा. मी धाकटा. मला लहानपणी पंतोजींकडे चार वर्षे घातले होते, त्यामुळे मोडी लिहिता यायची, आणि त्यामुळेच मला मातीत हात घालायला फारसे आवडत नव्हते. दादा म्हणायचा, "याच्या हातात खुरपं देलं तं हा खुरप्यावर नाव लिहीत बसते."

बियाणे मात्र दादाचे नव्हते, माझेही नव्हते, ते वैनीचे. वैनी म्हणजे दादाची बायको, माहेर अचलपूरचे. लग्नात तिने काय आणले ते मला आठवत नाही, पण सात-आठ तुंबे आणले होते हे आठवते. तुंबा म्हणजे वाळवलेला कडू भोपळा. वेलावरच पिकू द्यायचा, खडखडीत वाळवायचा, देठाशी भोक पाडून आतला गर खरडून काढायचा. माणसापेक्षा जास्त वर्षे टिकणारे भांडे होते. तिच्या आईने आणि आईच्या सासूने वापरलेले ते तुंबे. त्यात वैनीने आपले घातले, आणि मी बोलतो आहे त्या काळापर्यंत तीसेक तुंबे चुलीवरच्या आढ्याला दोऱ्यांनी लोंबत होते. धुराने काळे कुळकुळीत झालेले. एकाची मान वाकडी, एक बसका, एकाला मध्ये कंबर, एक तडकलेला आणि चांभाराकडून शिवून आणलेला. त्याशिवाय कान तुटलेला माठ होता, त्यात अंबाडी. म्हशीचे शिंग होते, त्यात राजगिरा. तेलाचा जुना चामडी बुधला होता, त्यात आणखी काहीतरी. कामातून गेलेली वस्तू वैनी टाकत नसे. त्या वस्तूजोगते बी मिळेपर्यंत ती थांबायची.

पावसाआधी रोहिण्या लागल्या, की आसपासच्या मळ्यांतल्या बाया सूप घेऊन आमच्या ओसरीवर यायच्या. वैनी आढ्याकडे बघायची सुद्धा नाही. हात वर करायची, तुंबा काढायची, कानाशी एकदा खुळखुळवायची, आणि पसाभर बी सुपात ओतायची. त्याचे काही घ्यायची नाही. ते बी उगवले नाही, किंवा दुसरेच उगवले, असे कधी झाले नव्हते. बायका म्हणायच्या, तिच्या हातचे बी. दादाला मळेवाला म्हणून ओळखणारे लोक होते, पण बायकांत आमचे घर वैनीमुळे ओळखले जायचे, आणि हे तिला माहीत होते.

आता कापसाचे सांगतो. अमेरिकेत म्हणे भाऊबंदकी पेटली आणि तिथला कापूस निघेना. त्याची झळ, म्हणजे ऊब, आम्हाला लागली. अमरावतीच्या कापसाच्या बाजारात गाड्यांच्या रांगा वेशीपर्यंत यायला लागल्या. गावात कधी न दिसलेले गोरे साहेब, पारशी, कच्छी, सगळे हजर. त्यातल्या एका साहेबाच्या वखारीत मी कारकून झालो. गाठी बांधल्या की तरटावर काळ्या शाईने खुणा करायच्या, हे माझे काम. कुठला माल, कुठल्या प्रतीचा, कोणाकडे जायचा. ती खूण समुद्रापलीकडचा कोणीतरी माणूस वाचणार, या विचाराने मी छाती काढून चालायचो. ज्याने अमरावती पाहिली नाही, मला पाहिले नाही, त्याला माझ्या अक्षरावरून आतला माल कळणार! मला वाटायचे, जगात व्यवस्था म्हणतात ती हीच.

हळूहळू भाजीचे मळेही कापसाखाली गेले. आधी कडेचे, मग मधले. वांग्याची रोपे उपटून लोक सरकी टोकायला लागले. वैनीने तीन वर्षे दम धरला. तीन वाफे तिने बियाण्यासाठी राखले होते आणि दादा त्या वाफ्यांकडे बघायला लागला की ती मध्ये उभी राहायची. "कापूस शिजवून खासान का जी?" असे ती विचारायची. पण चौथ्या वर्षी दादाने तेही वाफे मोडले. वैनीने दोन दिवस मळ्यात पाय ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "जाऊ द्या. एक साल झोपू द्या बियाले. तुंब्यात त्याले काई होत नाई."

म्हणजे बघा: आसपासच्या मळ्यांत भाजी नाही, आमच्याकडे उभे झाड नाही, आणि त्या सगळ्या भाज्यांचे जे काही उरले होते ते आमच्या आढ्याला टांगलेले. हे आज लिहिताना लख्ख दिसते. तेव्हा मला तिथे फक्त जळमटे दिसायची.

त्याच हंगामात साहेबाने मला अकोल्याच्या वखारीवर पाठवले. आगगाडीचा रूळ अजून अकोल्याला पोचायचा होता, साहेब लोक मात्र आधीच पोचले होते. दिवसभर ते कापसाच्या धुळीत खोकायचे आणि संध्याकाळी घसा साफ करायचे. घसा साफ केल्याच्या बाटल्या वखारीमागे ढिगाने साठायच्या. जाड, हिरवट काळ्या काचेच्या, सगळ्या एका मापाच्या. त्यांच्याशेजारी चहाची रिकामी खोकी, आतून शिशाचा पत्रा लावलेली. बिस्किटांचे टिनाचे डबे. एक पिंप.

मी त्या ढिगाकडे रोज बघायचो. एकसारखेपणाची मला भूल पडली असे म्हटले तरी चालेल. आमच्या घरात दोन वस्तू एकसारख्या नव्हत्या. दादाचे दोन बैल सुद्धा एक उंच, एक बुटका. आणि इथे शंभर बाटल्या, जणू एकाच आईच्या. मी रखवालदाराला विचारले, "यांचं काय करता?" तो म्हणाला, "फोडतो. कावळे बसतात ना बापा, त्याहिले उडवाले." हंगाम संपला तेव्हा मी गाडीभर बाटल्या आणि दोन खोकी घेऊन अमरावतीला निघालो.

काटेपूर्णा नदीच्या उतारावर नाकेदाराने गाडी अडवली.

"काय भरलं हाय?"

"बाटल्या."

"कायच्या?"

"रिकाम्या."

"भरेल होत्या तवा कायच्या होत्या?"

"दारूच्या."

"मंग रिकाम्या कोनं केल्या?"

"साहेबानं."

त्याने तरट उचलून गाडीत डोकावले. "एवढ्या? आन् तू निस्ता पाहत होता?"

मूर्तिजापूरपर्यंत ही बातमी माझ्या गाडीच्या पुढे धावत होती. बैल चालतात सावकाश, बातमी नाही.

घरी बाटल्या गोठ्यात ठेवल्या. वैनीने बघितल्या, नाकाला पदर लावला, आणि "घरात नोको आनू" एवढेच म्हणाली. मी मान हलवली. मला तिचा होकार नको होता, मला तिला चकित करायचे होते. माणसाला कोणाचे भले करण्याची घाई झाली की त्याचे कान बंद होतात, हे मी माझ्या कानांवरून सांगतो.

श्रावणात वैनी नागपंचमीला अचलपूरला गेली. बाहेर पाऊस झिमझिम, वखार बंद, हाताला काम नाही. मी लागलो कामाला. बाटल्या राखेने घासल्या, सात पाण्यांनी धुतल्या, एक रात्र चुलीशेजारी उपड्या ठेवल्या. बाहेरून चकचकीत दिसल्या. आतून कोरड्या झाल्या असतील असे मी धरून चाललो. मग आढ्याचा एकेक तुंबा खाली उतरवला. काही तुंब्यांतून बी नीट पडेना, भोक लहान. ते फोडले. मग उरलेलेही फोडले, कारण हात बसला होता. एका बाटलीत एका भाजीचे बी. चिठ्ठीवर घोटून मोडी अक्षर, ज्वारीच्या पिठाची खळ लावून चिठ्ठी बाटलीला घट्ट. बुचावर मेण. चहाच्या खोक्यात फळ्यांचे खण पाडले, प्रत्येक खणात एक बाटली. वर झाकण. मी चार पावले मागे सरून बघितले. इतके देखणे काही मी जन्मात केले नव्हते.

दोन तुंब्यांत दुधीच्या बिया निघाल्या. दोन्हीकडच्या सारख्याच, तशाच चपट्या, तशाच मातकट, तशीच कड. मी म्हटले, एकाच भाजीला दोन बाटल्या कशाला? एकीत ओतल्या आणि वर लिहिले, 'भोपळा'. एक बाटली वाचवली याचा आनंद मला दिवसभर पुरला.

फुटलेल्या तुंब्यांवर तीन दिवस आमचे अंघोळीचे पाणी तापले. छान पेटतात.

तिसऱ्या दिवशी दादाने आढ्याकडे बघितले. नुसते दोरे लोंबत होते.

"काहून रे, तिले इचारलं होतं काय?"

"आल्यावर खूश होतीन."

"कोन?"

"वैनी."

दादाने खांद्यावरचा पंचा झटकला. मग म्हणाला, "पंचमीनंतर ती येईन ना, तवा मी बडनेऱ्याले जाऊन येतो. काम हाय." बडनेऱ्याला त्याचे काही काम नव्हते.

वैनी आली. पाय धुतले, आत गेली, आणि सवयीने वर बघितले. मी खोके उघडून तयारच होतो. एकेक बाटली वर उचलून मी चिठ्ठ्या वाचायला सुरुवात केली. काटेरी वांगे. लवंगी मिरची. दोडका. माझा आवाज चांगला लागला होता.

"माहे तुंबे कुठी हायेत?"

"आता त्यांचं काय काम, वैनी? पाहा ना, हे..."

"भाऊजी, माहे तुंबे कुठी हायेत?"

मी न्हाणीकडे बोट केले. ती तिकडे गेली, राखेत काठी घालून बघितली, परत आली. एक बाटली हातात घेऊन कानाशी हलवली. दुसरी हलवली. काच ती काचच. सगळ्यांचा आवाज एक.

"मले वाचता येते काय?"

"मी आहे ना वाचायला."

"तुमी अकोल्याले असता."

वैनीने बाटली खणात परत ठेवली, झाकण लावले, आणि खोके पायाने सरकवत कोपऱ्यात नेले. "तुमचं हाय. तुमीच उघडा," म्हणाली. त्या दिवसापासून तिने खोक्याला हात लावला नाही. झाडताना सुद्धा त्याच्या कडेने झाडायची.

त्या हंगामात मी पुन्हा अकोल्याला होतो. अमेरिकेतली भाऊबंदकी मिटली होती. भाव खाली यायला लागला आणि खाली खाली येतच राहिला. फाल्गुनात एक दिवस साहेब राहायचा त्या तंबूचे खुंटे उपटले गेले. तो गेला तेव्हा वखारीत जे राहिले ते लोकांनी नेले: गाठींच्या लोखंडी पट्ट्या, तरट, फळ्या. त्या वर्षी अकोल्यात आणि अमरावतीत कुठेही जा, दाराच्या बिजागरीला गाठीची पट्टी, न्हाणीला तरटाचा पडदा, पाळण्याला खोक्याची फळी, आणि पडद्यावर मी स्वतः रंगवलेली उलटी खूण. कापसाने आमच्याकडे ठेवलेली ही भांडीकुंडी. मी मात्र रिकाम्या हाताने घरी आलो. माझा वाटा मी आधीच नेला होता.

दादाने कापसाचे नाव टाकले होते. सगळ्यांनीच टाकले होते. सगळ्यांना पुन्हा भाजी लावायची होती, आणि रोहिण्या लागल्या त्या दिवशी ओसरीवर सुपे घेऊन बाया येऊन बसल्या. इतक्या बाया कधीच आल्या नव्हत्या. चार-पाच वर्षे कोणी बी धरलेच नव्हते.

"उघडा," वैनी म्हणाली.

मी झाकण काढले. आतून दोन झुरळे शांतपणे निघून गेली, पोट भरल्यावर माणसे पंगतीतून उठतात तशी. एकाही बाटलीवर चिठ्ठी नव्हती. ज्वारीची खळ त्यांना आवडली होती आणि खळीबरोबर माझे अक्षरही. उरल्या होत्या तीस-बत्तीस काळ्या बाटल्या, एकाच आईच्या.

मी काहीतरी बोलायला गेलो असेन. वैनीने ते ऐकले नाही. तिने मेण फोडले, सूप ओढले, बाटल्या एकेक करून ओतायला घेतल्या. कित्येक बाटल्यांतून बी ओघळलेच नाही. गोळा झाले होते, त्याला बुरा आला होता. श्रावणातल्या दमट हवेत मी ते कोंडले होते आणि बाटल्यांना दहा महिने आतून घाम येत होता. जे सुटे होते ते ती नखाने उचलायची, उजेडाकडे धरायची, जिभेवर ठेवायची. "दोडका. वांगं, काटेरी. हे वांगं भरताचं." मी बघत होतो आणि मला कळत होते, की तिला चिठ्ठी नको होती, पण तुंबाही केवळ सोयीसाठी होता. तुंबा नसला तरी ती ओळखत होती. फक्त तिचे अर्धे बी मी सडवले होते.

सायंकाळपर्यंत तिने जिला तिला थोडे थोडे दिले. ओल्या फडक्यात बांधून बघा, मोड आला तरच टाका, असे प्रत्येकीला सांगितले. असे तिला कधी सांगावे लागले नव्हते. मग पलीकडच्या मळ्यातली मावशी म्हणाली, "मले दुधी दे वं. पोरीच्या घरी पाठवाचा हाय."

वैनीने दुधीच्या बिया हातावर घेतल्या. पुष्कळ होत्या. इतक्या कशा, म्हणून ती थांबली.

"भाऊजी, कडू कुठी ठेवला?"

"कोणता कडू?"

"तुंब्याचा. कडू भोपळ्याचं बी येगळं होतं, खायाच्या दुधीचं येगळं."

मला वाटते, ओसरीवरच्या सगळ्या बायकांना माझ्या तोंडाकडे बघूनच उत्तर मिळाले. तुंबे ज्याचे होतात तो भोपळा विषासारखा कडू. पोटात गेला की माणूस आडवा. आणि त्याचे बी खायच्या दुधीसारखेच दिसते. डोळ्याला, नखाला, जिभेला सारखेच. वैनीलाही नाही सांगता येत. मी ती एक बाटली वाचवली होती ना, ती ही.

"नाई देत, मावशे," वैनी म्हणाली. "पोरीच्या लेकराच्या पोटात कडू गेला तं? मले मालूम नाई हे काय हाय."

मावशी रिकामे सूप घेऊन गेली. ती काही वाईट बोलली नाही. वैनी मात्र उंबऱ्यावर बसून राहिली. आपल्या दारातून कोणी रिकामे गेले हे एक, आणि आपल्याला मालूम नाही असे चारचौघींत म्हणावे लागले हे दुसरे. मी पायऱ्यांवर उभा होतो. मला वाटले, आता ती ओरडेल तर बरे. पण ती म्हणाली, "दुधी कोनाच्या मळ्यात नाई. अचलपूरलेई नाई, मी इचारून आली. हे गेलं तं गेलं."

मृगाच्या तोंडावर तिने बांधाच्या कडेने आळी केली. बाटलीतले सगळे बी त्यात टोकले. दादाने पाणी धरले. मी रोज सकाळी जाऊन बघायचो. पहिले पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी एक. मग थांबून तीन. बाकीच्या आळ्यांत माती उकरली की सडलेली साल हाताला लागायची. शेवटी अकरा रोपे उभी राहिली, दोन-दोन जाड पानांची.

"आता वेल वाढू द्यायचे? फळ लागेल तेव्हा कळेल," मी म्हणालो.

"फळ लागेपावेतो फुलं एकमेकाईत मिसळतात. मंग गोडाचंई कडू होते." तिने पहिल्या रोपाच्या पानाचा नखाएवढा तुकडा खुडला आणि माझ्यासमोर धरला. "चावा."

मी चावला. कडूपणा मला माहीत होता, म्हणजे मला वाटत होते की माहीत होता. कारले, कडुनिंब, काडेचिराईत, या सगळ्यांना मी नमस्कार करतो. ते सज्जन आहेत. हा कडूपणा आधी जिभेला लागत नाही, कानामागे लागतो. मग खाली उतरतो.

"थुका. पानी घ्या. दुसरं."

दुसरे कडू. तिसरे कडू. चौथ्यानंतर मी बांधावर बसलो आणि सकाळची भाकर मातीला परत केली. दादा मोटेवरून ओरडला, "लिहून ठेव रे, इसरशील!"

"आज एवढंच," वैनी म्हणाली. "जीभ बधिर झाली तं गोड कळाचं नाई."

असे तीन दिवस चालले. आठ रोपे झाली, आठही कडू. वैनी प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघायची, आणि मी तोंड वाकडे केले की बाजूला बघायची. मला तोंड वाकडे न करता येईल असे फार वाटायचे. एकदा तर खोटेच सांगावे असेही मनात आले, 'हे गोड आहे' म्हणून, तिच्या चेहऱ्यासाठी. पण मग मावशीच्या नातवाचे पोट आठवले.

नववे रोप आळ्याच्या कडेला वाकडे उगवले होते. मी तुकडा तोंडात टाकला आणि तोंड वाकडे करायच्या तयारीतच होतो. काही झाले नाही. पुन्हा चावले. हिरवट लागले, पावसातल्या गवतासारखे. मी वैनीकडे बघितले. तिने विश्वास ठेवला नाही. स्वतः तुकडा घेतला, डोळे मिटून हळू चावला, आणि गिळला. मग ती खाली बसली आणि त्या रोपाभोवतीची माती हाताने दाबायला लागली. माती दाबायची काही गरज नव्हती.

दहावे कडू. अकरावे गोड.

गोड दोन वेल तिने विहिरीजवळ ठेवले, रात्री त्यांच्यावर टोपल्या झाकायची. कडूतले बहुतेक उपटले. तीन मात्र काढले आणि मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, नाल्यापलीकडे लावले. मी म्हटले, आता ती ब्याद कशाला? म्हणाली, "भांडे कुठून आनू?"

त्या तीन वेलांवर मी ते बघितले जे इतकी वर्षे घरात राहून बघितले नव्हते. भोपळे कोवळे असतानाच वैनी कोणाच्या पोटाला दोरा बांधायची, म्हणजे वाढताना कंबर पडायची. कोणाखाली सपाट दगड सरकवायची, तो बसका व्हायचा. कोणाची मान फांदीला अडकवून वाकवायची. ते आकार आपोआप आलेले नव्हते. मी गाठीवर खूण करायचो ती परक्या माणसासाठी, आणि आतल्या मालाशी त्या खुणेचा काही संबंध नसायचा. शाई पुसली की गाठ मुकी. हिने मात्र आधी दोन महिने बसून खूण वाढवायची, मग तिच्यात बी ठेवायचे. कोणते शहाणपण मोठे, हे मी ठरवायला बसत नाही. माझी नोकरी पुढेही अक्षरावरच झाली. पण माझ्या घरी आज कोणतेही दोन डबे एकसारखे नाहीत, हे येणाऱ्याजाणाऱ्याच्या ध्यानात येते.

बाटल्याही तिने फेकल्या नाहीत. करंजाचे तेल, घासलेटसारखा वास मारणारे कसलेसे गुरांचे औषध, शिरका, अशा पातळ गोष्टी तिने त्यांत भरल्या आणि प्रत्येकीच्या गळ्यात वेगळ्या लुगड्याची चिंधी बांधली, कुठे एक गाठ, कुठे दोन. काचेला घाम येतो तो तेलाला चालतो, म्हणायची. चहाच्या खोक्यात तिची कोंबडी अंड्यावर बसली. खण मी पाडलेले होते. कोंबडीने ते मोडले.

पुढच्या रोहिण्यांना बाया पुन्हा ओसरीवर आल्या. आढ्याला नवे तुंबे होते, अजून पिवळे, धुराने रंगायचे. वैनीने वर न बघता हात घातला, कंबरेचा तुंबा काढला, कानाशी खुळखुळवला आणि पहिला पसा मावशीच्या सुपात ओतला.

मावशीने बी बोटाने चाळवले. "पक्का गोड हाय ना वं? कसं ओयखलं तू?"

"पानं चाखून. एकेका रोपाचं पान."

"तू चाखलं?"

"भाऊजीले चाखवलं. तीन दिवस ओकत होते."

मावशीने माझ्याकडे बघून चुकचुक केले. तिला माझी खरोखर दया आली असावी. "अवं, मानसाले कायले? गोठ्यात बकरी हाय ना तुयी. तिच्यापुढं टाकाचं, तिनं तोंड फिरवलं का समजाचं. बकरीले काहून नाई चारलं?"

वैनी दुसरा तुंबा उतरवत होती. मान न वळवता म्हणाली, "बकरी दूध देते."